नोंद क्रमांक एकशे बारा

चोपड्यात वाचनालयाच्या माडीवर
मे महिन्यात काम करायचं म्हणजे
आधी पत्रा तापतो, मग मी,
काचा तापू नयेत म्हणून कूलर आहे.
त्यांच्या वाऱ्यात मला बसू देतात.

हातात पांढरे सुती मोजे.
कापूस कुठला, कोण जाणे.
शिक्का तिरुपूरचा.

भिंतीकडच्या कपाटात बाजारातली मापं,
त्यात एक शेर,
ज्याच्या बुडाशी मेण निघालं बोटभर.
मेण खरवडू नये, अशी चिठ्ठी मीच बांधली त्याला.
लबाडीसुद्धा जपून ठेवावी लागते.
खालच्या खणात एक बाण.
त्याच्यापुढे लिहिलंय : बाण.
कुणाचा, कुणावर, ती जागा कोरी.

आणि काचा. दोनशे सहा.
एकशे बारा नंबरची कोपऱ्यात तडकलेली.
उजेडाच्या पेटीवर ठेवली
की रुईच्या ढिगाचा कोळसा होतो,
दात काळे, केस पिकलेले,
उन्हातली भिंत मध्यरात्रीसारखी.
जुन्या वहीत तिची नोंद :
‘जिनातील नवे यंत्र. सोबत मजूर स्त्रिया, सात.’
यंत्राची बनावट लिहिलीय, अश्वशक्ती लिहिलीय.
बायका उभ्या केल्या असणार
यंत्राची उंची कळावी म्हणून,
जशी मी नाण्याशेजारी पट्टी ठेवते.

उखर्डू झिपरू कोळी
गोरगावल्याहून पहिल्या बसने आले,
नातवाच्या दाखल्यासाठी.
पन्नास सालाआधीचा एखादा कागद,
घरातल्या कुणाचंही नाव असलेला.
तीन रजिस्टरं पाहिली, मोडीतली दोन मी वाचून दाखवली.
नाव नव्हतं.
ते उठले, आणि जाता जाता
माझ्या संगणकावर थांबले,
जिथे एकशे बारा मी नुकतीच सुलटी केली होती.

हाई मनी माय शे, ते म्हणाले.

डावीकडून तिसरी. तोंड हललेलं, पुसट.
कशावरून, मी विचारलं. विचारावंच लागतं.
एका पायावर भार देऊन उभी आहे ना, म्हणाले,
भाकरी थापून उठली की अशीच,
शेजारणीशी भांडताना अशीच,
मरायच्या आदल्या दिवशी दारात अशीच.
नाव ठगूबाई.

मग चष्मा काढला, पुसला, परत लावला.
आनि मी बी शे आठे.

कुठे?

बोट पडद्याजवळ नेलं, टेकवलं नाही.
पदराखाली तिचा हात होता,
मी समजले होते, कापूस धरलाय.
तिना चार पोरे गयात, ते म्हणाले,
म्हनीसन मनं नाव उखर्डू.
उकिरड्यावरचं कोण उचलून नेणार?

खाली कुणीतरी सायकल लावली, स्टँडचा आवाज आला.
आम्ही दोघं बघत होतो
त्या सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाकडे,
जो अजून जन्मला नव्हता
आणि यंत्राच्या उंचीला उपयोगी पडत होता.

दाखल्याले हाई चाली का?
नाही, मी म्हटलं. कागद लागतो.
त्यांनी मान हलवली, जणू हे
त्यांनीच मला सांगितलं होतं.
एक प्रत मागितली. मी दिली, पैसे घेतले नाहीत,
नियमाने वीस रुपये होतात.
घडी घालू नका, म्हटलं, तर टोपी काढून
तिच्यात सपाट ठेवली
आणि बोडक्या डोक्याने उन्हात गेले.

इथे शाई चालत नाही, पेन्सिलच.
‘व्यक्ती’च्या रकान्यात सातावर रेघ मारली.
आठ लिहिलं.
तिसरीसमोर ठगूबाई.
शेजारचा रकाना : आधार.
तिथे काय लिहावं म्हणून बसून राहिले
वीज जाईपर्यंत.

कूलर थांबला.
काच तापायच्या आत
तिला कुशीवर ठेवली, पेटीत,
तडा वरच्या बाजूला.